उपासनेची चाल मोडू का?

प्रश्न : मी लहानपणापासून चर्चमध्ये गातो. ना. वा. टिळकांची पदं तोंडपाठ आहेत. आता गिटारवर स्वतःची गाणी करतो. विषय पाणीटंचाईचा असो की भाऊबंदकीचा, चाल उपासनेच्याच वळणावर जाते. मित्र म्हणतात, ही सवय मोड. मोडू का?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : मुळीच मोडू नका. आधी पॉप्स स्टेपल्स हे कृष्णवर्णीय अमेरिकन गायक-गिटारवादक ऐका.

१९१४ सालचा त्यांचा जन्म, मिसिसिपीतला. डॉकरीच्या कापूसमळ्यावर वाढले. तिथेच चार्ली पॅटन या वादकाची ब्लूज गिटार (ब्लूज म्हणजे कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचं सुखदुःखाचं गाणं) कानावर पडली, आणि चर्चमधली गाणी तर घरचीच. पुढे शिकागोला आले, पोटासाठी मिळेल ते कष्टाचं काम केलं. घरी मुलांना जमिनीवर गोल करून बसवायचे, गिटारची एकेक तार छेडून ज्याचा त्याला सूर द्यायचे. त्यांची लहानगी मुलगी मेव्हिस त्यातच. मला हे चित्र फार आवडतं. क्लास नाही, वही नाही, बापाच्या तारेवरून मुलीचा सूर.

त्यांच्या गिटारचा आवाज थरथरतो. नाद लहानमोठा होत राहतो, सूर मात्र जागचा हलत नाही. गाणाऱ्याला त्यात श्वास घ्यायला जागा मिळते.

१९५७ मध्ये अमेरिकेतल्या लिटल रॉक शहरात गोऱ्यांच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना जाण्यापासून अडवलं गेलं. त्यावर पॉप्सनी पुढे ‘व्हाय अ‍ॅम आय ट्रीटेड सो बॅड’ लिहिलं. मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते अतिशय आवडतं गाणं. १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठी सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा निघाला, त्यावर ‘फ्रीडम हायवे’ रचलं आणि त्याच वर्षी शिकागोतल्या न्यू नाझरेथ चर्चमध्ये लोकांसमोर गायलं. ते ध्वनिमुद्रण हेडफोन लावून ऐका. विषय रस्त्यावरचा, पण टाळ्या उपासनेच्या. मी दरवेळी त्या टाळ्यांपाशी थांबते.

उपासनेची चाल मुळात मंडळीने उचलावी म्हणूनच बांधलेली असते. झेपेल एवढीच पट्टी, फिरून येणारं ध्रुवपद, श्वासाला जागा. पाणीटंचाईच्या गाण्याला आणखी काय हवं?

शब्दांवर मात्र मेहनत घ्या. ‘तारणारा’, ‘कृपा’ हे सवयीने येत असतील तर काढा आणि तुमच्या विहिरीचं, टँकरच्या रांगेचं नाव घाला.

मग चार शेजाऱ्यांना बसवून गा. दुसऱ्या फेरीला त्यांनी ध्रुवपद धरलं, तर त्या चालीला हात लावू नका.