रे फिशरवर बेसबॉलमधून कायमची बंदी होती. तरी मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमला त्याचं नाव का, आणि ते राहू द्यावं का?

राहू द्यावं. बंदीची माहिती खरी आहे, पण ती कशापायी आली हे कळलं की राग फिशरवरून उठतो आणि दुसऱ्याच माणसावर जाऊन बसतो.

तुम्ही लिहिलंय की मुलाला भेटायला ॲन आर्बरला गेलात, त्याच्याबरोबर कॉलेजचा सामना बघितला, फाटकावरचं नाव मोबाईलवर शोधलं आणि सुरुवातीलाच दिसलं: १९२१, कायमचा अपात्र. सट्टेबाजी केली असणार असं वाटणं साहजिक आहे, कारण ते सालच बदनाम आहे. शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंना सामने विकल्याबद्दल जन्मभरासाठी बाहेर काढलं ते त्याच वर्षी. काढणारा माणूसही तोच, न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस, बेसबॉलचा पहिला कमिशनर.

गंमत म्हणजे त्या विकल्या गेलेल्या १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेत, फिशर खरंच होता, पण समोरच्या संघात. तो सिनसिनाटी रेड्सचा पिचर (म्हणजे बेसबॉलचा बोलर), आणि तिसरा सामना त्याच्या हाती दिला होता. दुसऱ्याच इनिंगमध्ये शिकागोच्या हॅपी फेल्शनं चेंडूला नुसती बॅट लावून तो पुढ्यात टाकला. फिशरनं धावत जाऊन उचलला, दुसऱ्या बेसकडे फेकला, आणि फेक वाकडी गेली. मग चिक गँडिलनं फटका मारला आणि दोघं धावून आत आले. गँडिल म्हणजे फिक्सिंगच्या त्या सगळ्या कटाचा म्होरक्या! शिकागोकडून त्या दिवशी पिचिंग करत होता डिकी कर, संघातल्या सरळ माणसांपैकी एक. त्यानं रेड्सना एकही धाव करू दिली नाही आणि फिशर ३-० असा हरला. पूर्ण मालिका मात्र रेड्सनी ५-३ अशी जिंकली. पैसे खाल्ल्याचा आरोप फिशरवर ना तेव्हा झाला, ना नंतर.

मग बंदी कशाची? नोकरी बदलल्याची.

फिशर व्हर्माँटच्या मिडलबरी गावचा. खेळता खेळता शाळेत शिकवायचा म्हणून त्याला ‘व्हर्माँटचा मास्तर’ म्हणत. आठ वर्षं न्यूयॉर्ककडून खेळला, मग रेड्सकडे आला. हुकमी अस्त्र म्हणजे थुंकी लावून टाकलेला चेंडू. (क्रिकेटवाल्यांना थुंकीचं पर्व २०२० मध्ये संपलं ते आठवत असेल, बेसबॉलमध्ये तो प्रकार बरोबर शंभर वर्षं आधी बंद झाला. आधीपासून तसा चेंडू टाकणाऱ्या १७ पिचरांना निवृत्तीपर्यंत सूट मिळाली, त्यात फिशर होता.) १९२१ च्या वसंतात तो तेहतीस वर्षांचा होता, आणि रेड्सनी त्याच्या पगारात हजार डॉलरची कपात केली होती. त्याच वेळी मिशिगनच्या कोचची जागा रिकामी झाली. मॅनेजरला सांगून, परवानगी घेऊन तो ॲन आर्बरला भेटायला गेला आणि काम मिळालं. आता रेड्सना एकाएकी आठवलं की आपल्याकडे पिचर कमी आहेत. थांब म्हणाले. फिशर म्हणाला, एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा करार द्या. तो काही मिळाला नाही, म्हणून त्यानं कॉलेजची नोकरी धरली.

करारात नोटीस दहा दिवसांची होती आणि यानं सात दिवसांची दिली, असं रेड्सनी काढलं. अपात्र खेळाडूंच्या यादीत नाव गेलं. लँडिसनं रेड्सचं म्हणणं उचलून धरलं आणि जन्मभराची बंदी ठोकली. नोटीस तीन दिवसांनी कमी पडली म्हणून.

त्या काळचे करार कसे असायचे हे सांगितल्याशिवाय यातली मेख कळणार नाही. ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाचं एक कलम असे. करार संपला तरी खेळाडू त्याच क्लबचा. क्लब त्याला विकू शके, पगार कापू शके, काढून टाकू शके. खेळाडूला मात्र दुसऱ्या क्लबकडे जायची सोय नव्हती. मालक म्हणेल त्या पगारावर खेळा, नाहीतर घरी बसा. १९२२ मध्ये तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं की मक्तेदारीविरोधी कायदा बेसबॉलला लागू होत नाही. हे कलम मोडीत निघायला १९७५ चा डिसेंबर उजाडला. अशा व्यवस्थेत एखादा पिचर ‘मला कॉलेजात बरी नोकरी मिळतेय, मी निघतो’ म्हणून खरोखरच निघतो, हे मालकांना झोंबणारच. आपल्याकडे २००७ मध्ये इंडियन क्रिकेट लीगमध्ये गेलेल्या पोरांवर बीसीसीआयनं बंदी घातली होती, ती आठवून बघा. २००९ मध्ये माफी देऊन तीच पोरं परत घेतली. गुन्हा कोणता होता? बोर्डाला न विचारता दुसरीकडे खेळले, एवढाच.

फिशरला माफी मिळायला एकोणसाठ वर्षं लागली. तोवर तो मिशिगनमध्ये १९२१ ते १९५८ असा कोच राहिला, सहाशेहून जास्त सामने जिंकला, आणि १९५३ मध्ये टेक्सासला ७-५ हरवून विद्यापीठाला बेसबॉलचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. उन्हाळ्यात व्हर्माँटला जाऊन तिथल्या लीगमध्ये कॉलेजची पोरं तयार करायचा. त्यातलाच एक रॉबिन रॉबर्ट्स, पुढं हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पिचर. रॉबर्ट्स शिकायला होता मिशिगन स्टेटमध्ये, म्हणजे मिशिगनच्या हाडवैऱ्यांकडे! मास्तरनं ते बघितलं नाही.

विद्यापीठानं स्टेडियमला त्याचं नाव दिलं ते बंदी कागदावर जिवंत असताना. म्हणजे कुणी काही लपवून पाटी लावलेली नाही. पुढं विद्यापीठाच्याच डिअरबॉर्न शाखेतल्या एका प्राध्यापकानं जुनी कागदपत्रं उकरून काढली, माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनीही त्याच्यासाठी शब्द टाकला. फोर्ड मिशिगनकडून अमेरिकन फुटबॉल खेळलेले. १९८० मध्ये कमिशनर बोवी कून यांनी फिशरला ‘सन्मानानं निवृत्त खेळाडू’ ठरवलं, तेव्हा तो ब्याण्णव वर्षांचा होता. १९८२ मध्ये गेला. मे २०२५ मध्ये पीट रोझ (सट्टेबाजीपायी बंदी आलेला) आणि शूलेस जो जॅक्सन (शिकागोच्या त्या आठांपैकी एक) यांची नावं अपात्रांच्या यादीतून काढली ती बंदी मृत्यूबरोबर संपते असं म्हणून. फिशरला मरेपर्यंत थांबावं लागलं नाही आणि त्याच्या बाबतीत निर्णय त्याच्या बाजूनं लागला. दोन्ही गोष्टींची सरमिसळ करू नये.

आणि ज्यानं बंदी घातली त्याचं काय झालं? मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयरच्या पुरस्कारावर लँडिसचं नाव १९४४ पासून होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये ते काढायचं ठरलं, कारण त्याच्या जवळजवळ चोवीस वर्षांच्या कारकिर्दीत मेजर लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू आला नाही. न्यायाधीशाचं नाव पुसलं आणि त्यानं ज्याला हाकललं त्याचं नाव फाटकावर आहे. मला यात काही खटकत नाही. उलट बरं वाटतं, हे प्रांजळपणे सांगतो.

आता खरं अवघड प्रकरण. साउथ स्टेट स्ट्रीटवर फिशर स्टेडियमच्या शेजारीच लाल विटांची मोठी इमारत आहे, ती योस्ट आइस अरीना. त्याच रांगेत पुढं शेम्बेक्लर हॉल. वादच घालायचा तर तो तिथं घालावा.

फील्डिंग योस्ट हा फुटबॉलचा दिग्गज कोच, नंतर क्रीडा संचालक. २० ऑक्टोबर १९३४ ला जॉर्जिया टेकचा संघ ॲन आर्बरला खेळायला येणार होता. समोर कृष्णवर्णीय खेळाडू असेल तर आम्ही उतरणार नाही, अशी त्यांची अट. मिशिगनकडे विलिस वॉर्ड होता, फुटबॉलपटू आणि असा धावपटू की पुढच्याच वर्षी त्यानं जेसी ओवेन्सला हरवलं. योस्टच्या विद्यापीठानं वॉर्डला बाहेर बसवलं, आपल्याच मैदानावर. बदल्यात जॉर्जिया टेकनंही आपला एक चांगला खेळाडू बसवला, जणू हिशेब चुकता झाला. मिशिगन ९-२ जिंकलं. त्या हंगामातला तो एकमेव विजय. जेराल्ड फोर्ड त्याच संघात होते, वॉर्डचे जवळचे मित्र. हे त्यांच्या मनातून गेलं नाही. १९९९ मध्ये प्रवेशातल्या सकारात्मक भेदभावाची बाजू मांडताना त्यांनी वृत्तपत्रात वॉर्डची हकिकत लिहिली. २०२१ मध्ये विद्यापीठाच्याच इतिहास समितीनं योस्टचं नाव काढण्याची शिफारस केली. नाव अजून आहे.

फरक बघा. फिशरचं जे काही ‘चुकलं’ ते मालकाशी झालेल्या व्यवहारात, तेही मिशिगनला यायच्या आधी. त्यात कुणाचं नुकसान झालंच असेल तर रेड्सचं, आणि तेही एका पिचरपुरतं. योस्टनं केलं ते ज्या पदासाठी त्याचा गौरव होतो त्याच पदावर बसून, आणि ज्याला सांभाळायची जबाबदारी होती त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत. नाव ठेवायचं की काढायचं याचा विचार करताना मी हेच बघतो: झळ कुणाला बसली, आणि ती त्या कामातूनच बसली का. या कसोटीवर योस्टचं नाव जावं असं मला वाटतं. फुटबॉल आवडणारे माझे मित्र इथं चिडतात. चिडू देत.

बो शेम्बेक्लर हाही मिशिगनचा नावाजलेला फुटबॉल कोच, त्याचं प्रकरण याहून जड आहे. विद्यापीठाचा डॉक्टर रॉबर्ट अँडरसन यानं कित्येक वर्षं खेळाडूंवर आणि इतरांवर लैंगिक अत्याचार केले. २०२२ मध्ये सुमारे १,०५० जणांशी ४९ कोटी डॉलरची तडजोड झाली. आपण १९६९ मध्येच हे शेम्बेक्लरच्या कानावर घातलं होतं असं शेम्बेक्लरच्या एका मुलानं जाहीरपणे सांगितलं, घरातल्या इतरांनी ते मानलं नाही. इमारतीचं नाव आणि बाहेरचा पुतळा जागच्या जागी आहेत. ज्यांना झळ बसली ती माणसं हयात आहेत आणि त्या रस्त्यानं जातात-येतात, त्यामुळे इथं आधी त्यांना विचारायला हवं. माझ्यासारख्या प्रेक्षकाचं मत शेवटी.

नावं काढायची प्रथाच नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सुप्रजननवादाचा (‘चांगल्या’ वंशाच्या माणसांनीच प्रजा वाढवावी या विचाराचा) पुरस्कर्ता आणि विद्यापीठाचा माजी अध्यक्ष सी. सी. लिटल याचं नाव २०१८ मध्ये विज्ञान इमारतीवरून उतरवलंच की. नियम एवढाच की जो काढा म्हणतो त्यानं भक्कम कारण द्यायचं. फिशरच्या विरोधात ते कुणाला देता येईल असं मला दिसत नाही.

तुमच्या प्रश्नातला एक भाग मात्र मला पूर्ण पटतो. सामना बघायला आलेल्या माणसाला हे मोबाईलवर, अर्धवट, का कळावं? १९२१ ची बंदी, तिचं कारण आणि १९८० चा निर्णय एवढं तीन ओळींत फाटकापाशीच लिहायला काय हरकत आहे? हे सगळं संकुल फ्रेड विल्पनच्या नावानं आहे, न्यूयॉर्क मेट्सचा तो माजी मालक, बर्नी मेडॉफच्या गुंतवणूक घोटाळ्याच्या दाव्यात १६ कोटी २० लाख डॉलरला तडजोड केलेला. त्याचं नाव देणगीमुळे आहे, म्हणून त्याबद्दल कुणी प्रश्नही विचारत नाही. मुलगा तिथंच शिकतोय तर त्याला सांगा, पाटीच्या मजकुराची मागणी विद्यार्थी संघटनेतर्फे क्रीडा विभागाकडे द्यायला. नाव बदलायचा ठराव रीजंट्सपुढं, म्हणजे विद्यापीठाच्या नियामक मंडळापुढं, न्यावा लागतो, तीन ओळींच्या पाटीसाठी तेवढी यातायात पडू नये.