छपराची वर्गणी हॉलला लागली, हिशेब मागितला तर "तुम्ही सल्लागार": माझं मत

तुम्ही लिहिलंत त्याप्रमाणे, कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) छपरासाठी वर्गणी जमवली, ती हॉलच्या फरशीत गेली, तुम्ही चर्चच्या फायनान्स कौन्सिलवर (पैशांचं काम बघणाऱ्या समितीवर) असून हिशेब मागितला तर विगारांकडून (चर्चच्या प्रमुख पाद्रींकडून) "तुमचं मत सल्ल्यापुरतं" असं ऐकावं लागलं, आणि आता तीनशे सह्यांचं निवेदन काढायचं म्हणता. चित्र फारच ओळखीचं आहे. सह्या तूर्त बाजूला ठेवा.

विगारांचं म्हणणं खोटं नाही. फिर्गजेच्या (एका चर्चखालच्या भाविकांच्या समुदायाच्या) वतीने व्यवहार करायचा हक्क त्यांचाच (कॅनन लॉ म्हणजे कॅथलिक चर्चचा कायदा, कलम ५३२). पास्टरल कौन्सिलचं (फिर्गजेच्या धर्मकार्यासाठीच्या मंडळाचं) मत सल्ल्यापुरतं हे ५३६मध्ये स्पष्टच आहे. फायनान्स कौन्सिल मात्र प्रत्येक फिर्गजेत असलीच पाहिजे (५३७). पण "आम्हाला अधिकार द्या" या मुद्द्यावर भांडलात की हरलात. भांडण पैशाच्या हेतूवर न्या. कलम १२६७ चा तिसरा भाग सांगतो की ज्या कामासाठी देणगी दिली, त्याच कामाला ती वापरायची. इथे सल्ला-बिल्ला काही आड येत नाही.

मागणी एका वाक्याची ठेवा: "अमुक तारखेच्या मिसेत कपेलाच्या छपरासाठी जाहीर झालेल्या वर्गणीची जमा, खर्च आणि शिल्लक लेखी कळवावी." त्यात पारदर्शकता, सुधारणा, प्रापंचिकांचा (पाद्री नसलेल्या भाविकांचा) आवाज यातलं काही घालू नका. तीनशे सह्यांकडे बंड म्हणून बघतात. पाच देणगीदारांचं, पावत्यांच्या झेरॉक्स जोडलेलं पत्र टाळणं अवघड जातं. जिथे कलम १२८७ दाखवून सगळा हिशेब मागितला जातो, तिथे हमखास घसरतं. त्यातला दुसरा भाग लोकांना हिशेब द्यायला सांगतो खरा, पण "स्थानिक नियमांनुसार" ही शेपटी त्याला आहे. म्हणून फाब्रिका (चर्चची मालमत्ता सांभाळणारी संस्था) आणि फायनान्स कौन्सिलसाठी आर्चडायोसिसने (आर्चबिशपांच्या धर्मप्रांताने) केलेले नियम आधी हातात घ्या, मगच त्या कलमावर बोला. पहिला भाग जास्त कामाचा: दरवर्षीचा हिशेब बिशपांकडे गेलाच पाहिजे. तो गेला का, एवढंच विचारता येतं.

आता जिथे माझं सगळ्यात जास्त नुकसान झालं ते. मुदत. विगारांनी लेखी निर्णय दिला असेल, तर त्याविरुद्ध थेट बिशपांकडे जाता येतं, पण निर्णय कळल्यापासून १५ दिवसांत. आदेश खुद्द बिशपांचा असेल, तर आधी १० दिवसांत त्यांच्याकडेच फेरविचाराचा लेखी अर्ज. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर तिथून पुढचे १५ दिवस रोमकडे जायला (कलम १७३४ ते १७३७). हे दिवस फार पटकन संपतात. एका कार्यालयातल्या खिडकीवर "कागद ठेवून जा, फादरांच्या कानावर घालतो, फेस्त झाल्यावर या" असं अगदी गोड बोलून सांगतात. फेस्त (चर्चचा सण) होतं, मुदतही संपते. शिक्का नाही, आवक क्रमांक नाही, म्हणजे तो अर्ज कधी आलाच नव्हता. बाहेरच्या बाकावर पाऊण तास बसवून ठेवणाऱ्यांना एक शिक्का मारायला काय जड जातं, देव जाणे! तेव्हा पत्राच्या दोन प्रती न्या, दुसरीवर तारखेसह पोच घ्या. नकार मिळाला तर तिथूनच तडक पोस्टात जाऊन पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा. तोंडी आश्वासनाने मुदत थांबत नाही.

उत्तरच येत नसेल, तर तीन महिन्यांनंतर मौन म्हणजे नकार धरता येतो (कलम ५७). नुसता हिशेब न देणं हा "निर्णय" ठरतो का, यावर वाद घालतील. मी कॅनन लॉचा वकील नाही. या पायरीला जाणकार गाठाच.

सिनडचा (रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या सभेचा) दाखला द्यायचा मोह होईल. २६ ऑक्टोबर २०२४ ला संमत झालेल्या अंतिम दस्तऐवजात वार्षिक हिशेब प्रसिद्ध करावा, शक्य तिथे बाहेरच्या ऑडिटरकडून तपासून घ्यावा, असं आहे. शेवटच्या परिच्छेदात एका ओळीत टाका, पहिल्या नको. तो हुकूम नाही, विगारांनाही ते ठाऊक असतं.

आणखी दोन गोष्टी. पत्र मराठीत विचार करून लिहिलंत तरी सोबत इंग्रजी किंवा रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी प्रत जोडा, नाहीतर "भाषांतराला दिलंय" यात महिना जातो. आणि हॉल कपेलाच्याच जागेत आहे का ते फॉर्म १ व १४ वर (गोव्यातल्या जमिनीच्या उताऱ्यावर) बघून घ्या. जागा फाब्रिकेची, कपेलाची की कोमुनिदादीची (गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक जमीन-संस्थेची), यावर पुढचा प्रश्न कुणाला विचारायचा ते ठरतं. माहिती अधिकाराचा अर्ज चर्चकडे टाकून काही निघत नाही. मामलेदार कचेरीतल्या कागदांसाठी चालतो.

वर्गणीची जाहिरात दाराशी फळ्यावर लावली होती, असं तुम्ही लिहिलंय. तिचा फोटो कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असेल, तो आजच मागून घ्या. आणि "सल्लागार" हे विगारांनी लेखी दिलं की तोंडी, कोणत्या तारखेला, ते इथे लिहा. पंधरा दिवस उरलेत की गेले, ते त्यावरच कळेल.