आधी चाळणी, मग लेखणी
वाचकांचे प्रश्न : मायक्रोब्लॉगचा, म्हणजे एक्ससारख्या छोट्या नोंदींच्या माध्यमांचा वापर

खाते उघडले की भांडणेच समोर येतात. मला शास्त्रीय संगीत आणि मराठी पुस्तकांबद्दल वाचायचे आहे. खाते बंदच करून टाकू का?
– निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर

बंद करू नका, वाचायची जागा बदला. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) पहिले दिसणारे ‘फॉर यू’ हे पान तुम्ही कुठे थांबता, काय उघडता, कशाला उत्तर देता, यावर ठरते. भांडण वाचायला थांबलात किंवा चिडून उत्तर दिलेत, तरी यंत्राच्या हिशेबी ती तुमची आवडच. त्याऐवजी ‘फॉलोइंग’वर या आणि क्रम निवडायची सोय दिसत असेल, तर अलीकडचे आधी ठेवा.

खरा उपयोग याद्यांचा. प्रोफाइलच्या चित्रावर दाबून ‘लिस्ट्स’मध्ये जा, नवी यादी करा, तिला ‘गाणं’ असे नाव द्या आणि ‘प्रायव्हेट’ चालू करा. मग एखादे खाते आवडले, की त्याच्या तीन ठिपक्यांतून ते यादीत घाला. त्यासाठी फॉलो करावे लागत नाही. यादी खासगी असल्यामुळे समोरच्याला सूचनाही जात नाही. ‘गाणं’, ‘पुस्तके’ आणि ‘इंदूर’ अशा वेगळ्या याद्या ठेवा. प्रत्येकीत २०-३० खाती पुरेत; ३०० घातलीत तर पुन्हा तोच पूर. याद्या पिन केल्या, की मुखपृष्ठावरच वरच्या बाजूला दिसतात. दिवसाला तीस जाहिराती टाकणारे खाते कितीही मोठ्या गायकाचे असो, यादीतून काढा.

नको असलेले शब्द ‘प्रायव्हसी अँड सेफ्टी’, ‘म्यूट अँड ब्लॉक’, ‘म्यूटेड वर्ड्स’ या वाटेने गाळता येतात. इथे मराठी माणूस हमखास फसतो. आपल्या शब्दाला प्रत्यय लागला, की यंत्राला तो नवा शब्द वाटतो. ‘निवडणूक’ गाळले तरी ‘निवडणुकीत’, ‘निवडणुकांचा’ सुटून येतात. शिवाय इंदुरात राहायचे म्हणजे समोर हिंदीही असणारच, म्हणून ‘चुनाव’ही घाला. एका विषयाला पाच-सहा रूपे धरून चाला. मुदत २४ तास, ७ दिवस, ३० दिवस किंवा कायमची ठेवता येते. हंगामी विषयाला ३० दिवस पुरतात. गाळलेले शब्द शोधात मात्र दिसतात.

इंदूरमधल्या मराठी कार्यक्रमांच्या पोस्ट शोधूनही सापडत नाहीत.
– विद्यार्थी, विजयनगर

कारण आपल्या गावाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिले जाते : इंदूर, इंदौर आणि रोमन लिपीत. तिन्ही एकाच शोधात घ्या. दोन नावांच्या मध्ये इंग्रजी ‘ऑर’ हा शब्द कॅपिटल अक्षरांत टाका. छोट्या अक्षरांत टाकलात, तर तो साधा शब्द समजून शोधला जातो. ‘इंदुरात’ आणि ‘इंदूरला’ ही रूपेही जोडा. निकाल आले की ‘लेटेस्ट’वर जा, नाहीतर मागच्या वर्षीचा गाजलेला कार्यक्रमच वर दिसत राहील.

भाषा निवडून शोधायची सोय आहे, पण छोट्या मराठी पोस्टला यंत्र हिंदी समजते आणि नेमकी ती गळते. त्यापेक्षा गावाच्या नावासोबत ‘आहे’ किंवा ‘आणि’ टाका. हिंदीत हे शब्द येत नाहीत, त्यामुळे मराठी मजकूर आपोआप वेगळा होतो.

मॅस्टोडॉन या एक्ससारख्याच दुसऱ्या माध्यमावर मजकुरातला शोध फक्त परवानगी दिलेल्या लोकांच्या नोंदींपुरता चालतो. तिथे हॅशटॅग टाकणाराच सापडतो. हॅशटॅगमध्ये जागा सोडली किंवा आडवी रेघ घातली, की तो तिथेच तुटतो. दोन शब्द जोडायला अधोरेषा वापरा.

होळकर क्रिकेट संघाच्या इतिहासावर लिहायचे आहे. २८० अक्षरांत मराठी मावतच नाही!
– वाचक, लोकमान्य नगर

मावते, पण मोजणी समजून घ्या. एक्सवर काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे प्रत्येकी एक धरले जातात. ‘क्रिकेट’ डोळ्यांना तीन अक्षरे, मोजणीत सात. त्या हिशेबाने २८० मध्ये ४० ते ४५ मराठी शब्द बसतात. दुवा कितीही लांब असला तरी २३ धरला जातो. मॅस्टोडॉनची नेहमीची मर्यादा ५००; अशाच इतर माध्यमांपैकी थ्रेड्सचीही ५००, ब्लूस्कायची ३००.

तुमच्या विषयाला साखळी, म्हणजे एकीखाली एक जोडलेल्या नोंदी, योग्य. पहिली नोंद एकटी वाचली तरी पुरी वाटली पाहिजे, कारण पुढे जाते ती तीच. ‘आज एक रंजक गोष्ट सांगतो’ यात वाचकाला काहीच मिळत नाही. ‘भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार सी. के. नायडू यांच्या हाताखाली इंदूरचा होळकर संघ रणजी करंडक जिंकत होता’ असे थेट लिहा. दुसरीत चार विजेतेपदे : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१, १९५२-५३. तिसरीत इंदूरचेच मुश्ताक अली. १९३६ मध्ये मँचेस्टरला त्यांनी ११२ धावा केल्या, परदेशातले भारतीयाचे ते पहिले कसोटी शतक. एका नोंदीत एकच मुद्दा आणि एकूण सहा-सात नोंदी. सगळी साखळी आधी वहीत किंवा नोट्समध्ये लिहून एकदम टाका. अर्धी टाकून जेवायला गेलात, तर मधल्या वेळात लोक अपुऱ्यालाच उत्तरे देतात.

मजकुराचे चित्र करून टाकू नका. ते शोधात येत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचे वाचनयंत्र त्यापुढे मुके होते. जुने छायाचित्र लावलेत, तर ‘ऑल्ट’ खुणेवर दाबून त्यात कोण आणि काय आहे ते दोन ओळींत लिहा. एवढे कष्ट त्या वाचकासाठी घ्यायलाच हवेत.

सुरुवातीला वाचक मिळतात ते इतरांच्या नोंदींखाली. क्रिकेटवर लिहिणाऱ्याने साल चुकवले असेल, तर सौम्य शब्दांत योग्य साल आणि आधार द्या. अशी दहा उत्तरे शंभर नोंदींना भारी पडतात.

घरून श्रीखंड आणि पुरणपोळी विकते. इथे ऑर्डर मिळतील?
– गृहिणी, सुदामा नगर

फार थोड्या. गल्लीतल्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपच बरे. इथे एकच नोंद पिन करा : पदार्थ, भाव, किती आधी सांगायचे, कुठल्या भागात पोहोचवता. बाकी वेळ धंद्यात घाला.

तक्रार टाकल्याने काम होते का?
– वाचक, राजवाडा परिसर

नोंदवलेली तक्रार असेल तर होते. शहराच्या कामासाठी आधी ‘इंदूर ३११’ अ‍ॅपवर, रेल्वेसाठी १३९ वर तक्रार करून क्रमांक घ्या. मग नोंदीत तो क्रमांक, वॉर्ड, जवळची खूण, वेळ आणि एक स्पष्ट छायाचित्र. ‘कुणाचे लक्षच नाही’ एवढेच लिहिलेत, तर उत्तर देणाऱ्यालाही कुठे माणूस पाठवायचा ते कळत नाही. पीएनआर, मोबाइल, ग्राहक क्रमांक उघड लिहू नका. अधिकृत खात्याने मागितले तर खासगी संदेशात द्या.

तक्रार पडताच ‘कस्टमर केअर’ नावाचे एखादे खाते धावून येते, मोबाइल मागते आणि दुवा पाठवते. बँक आणि परताव्याच्या तक्रारींवर तर हे टपलेलेच असतात. खात्याची सुरुवातीची तारीख आणि जुन्या नोंदी पाहा. निळ्या खुणेवर विसंबू नका, ती पैसे भरून मिळते. संस्थेच्या संकेतस्थळावर दिलेल्या दुव्यातूनच तिचे खाते उघडा. ओटीपी कुणालाही नाही. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन लावा आणि बँकेला कळवा.