सातवं अक्षर भेटी मोजत नाही

तुमच्या पोस्टमधली मेडिकल कोडिंगची (विम्यासाठी निदानांना कोड देण्याच्या कामाची) केस अशी: रुग्ण पडला, इमर्जन्सीत स्प्लिंट (तात्पुरता आधार) घातलं, सहाव्या दिवशी तो ऑर्थोपेडिककडे गेला. नोटवर ‘राइट आर्म फ्रॅक्चर, फॉलो-अप’ एवढंच. तुम्ही एस४२.३०१डी हा कोड दिला (शेवटचा डी हेच सातवं अक्षर), क्लेम म्हणजे विम्याचा दावा परत आला आणि ऑडिटरचा शेरा ‘कोड चुकीचा’. पोस्ट वाचताच जुनं दुखणं ओळखू आलं, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे. आयसीडी-१०-सीएमची (निदानांच्या अमेरिकन कोडसंचाची) रचना, रिकाम्या जागी एक्स कुठे भरायचा वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालते.

तुमच्याकडून दोन चुका झाल्या आहेत. पहिली सुटायला सोपी आहे. आपण मराठीत खांद्यापासून बोटांपर्यंत सगळ्याला हात म्हणतो, आणि बरेच डॉक्टरही घाईत ‘आर्म’ तसाच वापरतात. शरीररचनेत मात्र आर्म म्हणजे खांदा ते कोपर, आणि कोडच्या पुस्तकातला इंडेक्सही ‘आर्म’वरून वरच्या भागाकडेच नेतो. म्हणून तुम्ही ह्युमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) शाफ्टवर, म्हणजे मधल्या भागावर पोहोचलात. तुम्ही लिहिलंय की चार्टमध्ये एक्स-रे रिपोर्ट आहे आणि त्यात रेडियसच्या (कोपर ते मनगट यांतल्या अंगठ्याकडच्या हाडाच्या) खालच्या टोकाचं फ्रॅक्चर आहे. ओपीडीच्या चार्टमध्ये रेडिओलॉजिस्टने वाचून सही केलेला अंतिम रिपोर्ट निदानासाठी धरता येतो. मग कोड एस५२.५०१ कडे जातो. डॉक्टरांची नोट आणि रिपोर्ट यांत इथे विरोध नाही, रिपोर्टमध्ये जास्त तपशील आहे, असं माझं मत. तुमच्या संस्थेचं धोरण वेगळं असेल तर डॉक्टरांना क्वेरी (लेखी प्रश्न) टाका. पण रिपोर्टमध्ये ‘डॉर्सल अँग्युलेशन’ (तुकडा हाताच्या मागच्या बाजूला झुकलेला) दिसलं म्हणून आपणच कोलीज (अशा फ्रॅक्चरचं नाव) ठरवून एस५२.५३१ द्यायचा नाही. ते नाव डॉक्टरने लिहायला हवं.

‘रिस्ट फ्रॅक्चर’ हाही असाच सापळा. इंडेक्समधून एस६२.१०- म्हणजे मनगटातल्या छोट्या कार्पल हाडांवर जाल, आणि रिपोर्ट बघाल तर बहुतेक वेळा डिस्टल (खालच्या टोकाचा) रेडियसच असतो, म्हणजे पुन्हा एस५२.५-.

आता खरी महाग चूक. तुम्ही डी का दिलात? नोटवर ‘फॉलो-अप’ होतं आणि भेट दुसरी होती म्हणून. एका ऑडिट विभागाची ‘पहिली भेट ए, बाकी सगळ्या डी’ ही तोंडी सूचना मला सर्वांत जास्त महागात पडली. नियम लेखी मागितला तर उत्तर नाही, चुकांची टक्केवारी मात्र कोडरच्या नावावर. हा नियम कुठल्याही अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांत नाही.

ए म्हणजे रुग्णावर त्या दुखापतीसाठी सक्रिय उपचार चालू आहेत. शस्त्रक्रिया, इमर्जन्सीतली भेट, आणि त्याच किंवा दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणी व पुढचे उपचार, हे सगळं त्यात येतं. डॉक्टर बदलला, तारीख बदलली, तरी ए राहू शकतो. तुमच्या केसमध्ये इमर्जन्सीत फक्त तात्पुरता आधार दिला. हाड बसवायचं की शस्त्रक्रिया करायची हे ऑर्थोपेडिकने ठरवलं आणि पक्कं प्लास्टर घातलं. म्हणून एस५२.५०१ए. डी येतो उपचार होऊन हाड भरण्याच्या टप्प्यात: प्लास्टर बदलणं, हाड जुळतंय का बघायचा एक्स-रे, पिन काढणं, औषध बदलणं. म्हणजे नोटचं शीर्षक सोडून प्लॅन वाचायचा. आज या डॉक्टरने काय केलं, एवढाच प्रश्न.

उलट्या बाजूनेही लोक फसतात. हाड न जुळल्यामुळे शस्त्रक्रिया झाली की काहीजण ‘शस्त्रक्रिया, म्हणजे ए’ करतात. बंद (त्वचा न फाटलेल्या) फ्रॅक्चरमध्ये नॉनयुनियन (हाड न जुळणं) के आणि मालयुनियन (वाकडं जुळणं) पी घेतं, शस्त्रक्रिया असली तरी. अपवाद एकच: रुग्ण फ्रॅक्चरसाठी किंवा नॉनयुनियनसाठी उशिरा पहिल्यांदाच उपचाराला आला असेल, तर ए. उशिरा भरणाऱ्या बंद फ्रॅक्चरला जी, पण डॉक्टरने ‘स्लो’ एवढंच लिहिलं असेल तर जी आपण ठरवायचा नाही, विचारायचं. आणि फ्रॅक्चरच्या आफ्टरकेअरसाठी (नंतरच्या देखभालीसाठी) झेड कोड लावायचा मोह आवरा. दुखापतीचाच कोड, सातवं अक्षर योग्य.

उघड्या (जखमेतून हाडापर्यंत पोहोचलेल्या) फ्रॅक्चरमध्ये एस५२ (कोपर ते मनगट) आणि एस४२ (खांदा व दंड) एकसारखे नाहीत, याकडे फार दुर्लक्ष होतं. एस५२ मध्ये गुस्टिलो प्रकार (उघड्या फ्रॅक्चरची तीव्रता) लागतो: १ किंवा २ असेल तर बी, ३ए, ३बी, ३सी असेल तर सी. प्रकार लिहिलाच नसेल तर बी. ह्युमरसला असा भेद नाही, उघडं असेल तर फक्त बी. एका श्रेणीची अक्षरं दुसऱ्या श्रेणीत नेली की सिस्टम कोड अवैध म्हणून फेकते. तसंच, उघडं की बंद हे लिहिलं नसेल तर बंद धरायचं, आणि ज्या कोडमध्ये हाड सरकल्याचा भेद आहे तिथे काही लिहिलं नसेल तर सरकलेलं धरायचं.

वयस्क रुग्ण असेल तर एस लावण्याआधी थांबा. ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं) नोंदलेला आहे आणि निरोगी हाड मोडलं नसतं अशा किरकोळ पडण्याने हाड मोडलंय, तर एम८०. उजव्या फोरआर्मला (कोपर ते मनगट), वयामुळे झालेल्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये, एम८०.०३१ए. रुग्ण पडला होता हे वाचूनच लोक एस देऊन मोकळे होतात, आणि इथे ऑडिटरचं म्हणणं रास्त असतं.

क्वेरी लिहिताना ‘हे डिस्टल रेडियस आहे ना?’ असं विचारू नका, ती उत्तर सुचवणारी क्वेरी होते. रिपोर्टमधला मजकूर तारखेसह द्या, नोटमधला शब्द द्या, आणि हाड, जागा, बाजू, उघडं की बंद हे विचारा. पर्याय देत असाल तर ‘इतर’ आणि ‘ठरवता येत नाही’ हेही ठेवा. बाजू डॉक्टरने लिहिली नसेल तर नर्सच्या नोंदीवरून घेता येते. दोन नोंदींत उजवा-डावा वेगळा असेल तर मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावं लागतं.

ही सगळी उत्तरं अमेरिकन चार्टच्या संदर्भात आहेत आणि विमा कंपनीनुसार नियम थोडे वेगळे असू शकतात. बाह्य कारणांचे कोड, म्हणजे डब्ल्यू, वाय वगैरे, सगळीकडे सक्तीचे नाहीत. जागा आणि कृतीचे वाय९२ व वाय९३ मात्र पहिल्या उपचाराच्या भेटीतच, एकदाच. कोड मुख्यतः १ ऑक्टोबरला बदलतात, तेव्हा भेटीची तारीख कुठल्या वर्षाच्या संचात पडते ते आधी बघा.

तुमच्या क्लेमसाठी: एस५२.५०१ए, सोबत रेडिओलॉजी रिपोर्ट आणि ऑर्थोपेडिकच्या नोटमधला प्लास्टरचा परिच्छेद. अपिलाच्या पत्रात सक्रिय उपचाराची व्याख्या शब्दशः उतरवा, आणि ऑडिटरकडे त्याच्या शेऱ्यामागचा नियम लेखी मागा.