बुएना व्हिस्टा काउंटीत बेरीज शंभरच्या वर का जाते?

प्रश्न : माझी लेक अमेरिकेत आयोवा राज्यात स्टॉर्म लेक या गावी युनिव्हर्सिटीत नोकरीला चाललीये. तिथली माणसं कशी आहेत बघावं म्हणून तिथल्या बुएना व्हिस्टा काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) लोकसंख्येचं प्रोफाइल वाचलं, तर व्हाइट, ब्लॅक, एशियन आणि हिस्पॅनिक यांचे टक्के मिळून १०० च्या पुढे जातात. आकडे चुकलेत का? आणि मक्याच्या शेतांमधल्या छोट्या गावात इतके वेगवेगळे लोक आले कुठून?

उत्तर : ताई, आकडे बरोबर आहेत. अमेरिकेच्या २०२० च्या सेन्ससमध्ये हिस्पॅनिक (म्हणजे मूळचे स्पॅनिश भाषेच्या देशांमधले लोक) हा वंश धरलेला नाही, त्याचा प्रश्न वेगळा होता आणि वंशाचा वेगळा, त्यामुळे मेक्सिकोहून आलेला एखादा माणूस दोन्हीकडे मोजला जातो आणि बेरीज फुगते. २०२४ मध्ये सरकारने दोन्ही एकाच प्रश्नात विचारायचा नियम केला, पण तुम्ही वाचलेले आकडे जुन्या पद्धतीचे. खरं चित्र हवं असेल तर ‘हिस्पॅनिक नसलेले व्हाइट’ अशी वेगळी ओळ असते ती बघा.

आता माणसं कुठून आली ते, आणि हे मला जरा सविस्तर सांगायचंय कारण त्या काउंटीचा जीवच त्यात आहे. स्टॉर्म लेकला हायग्रेड कंपनीचा मांस प्रोसेसिंगचा कारखाना होता, युनियन होती, पगार चांगले होते, तो १९८१ ला बंद पडला. १९८२ ला तिथेच आयबीपी ही दुसरी मांस कंपनी आली आणि पगार आधीपेक्षा कमी ठेवले. नंतर २००१ मध्ये टायसन या मोठ्या मांस कंपनीने आयबीपी विकत घेतली. थंडगार हॉलमध्ये दिवसभर सुरी चालवायचं हे काम, आधीच्या लोकांना त्या पगारात ते नको होतं, आणि मग बाहेरून माणसं यायला लागली. लाओसकडचे ‘ताई दाम’ जमातीचे लोक तर त्याआधीच आयोवात पोचलेले, कारण १९७५ मध्ये गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी त्या निर्वासितांना राज्यात जागा दिली, आणि माझ्या मते आयोवाने अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे. त्यांच्यातले काही स्टॉर्म लेकच्या प्लांटवर आले, मग मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून, पुढे आफ्रिकेतून आणि मायक्रोनेशियाच्या बेटांवरून. मायक्रोनेशियाच्या लोकांना अमेरिकेशी झालेल्या करारामुळे व्हिसाशिवाय राहता आणि काम करता येतं, पण ते नागरिक नसतात म्हणून मतदार यादीत दिसत नाहीत. आज गावातल्या शाळांमध्ये २० हून जास्त भाषा बोलणारी मुलं आहेत. आणि प्रोफाइलमधलं ‘एशियन’ वाचून तिथे पुष्कळ भारतीय असतील असं समजू नका, ते बहुतेक आग्नेय आशियातले आहेत.

हे लोक आले नसते तर काय झालं असतं ते शेजारच्या पोकाहॉन्टस काउंटीत दिसतं. १९०० साली तिथे १५ हजारांवर लोक होते, २०२० मध्ये ७,०७८ उरले. बुएना व्हिस्टा मात्र २०१० ला २०,२६० होती आणि २०२० ला २०,८२३ झाली. वाढ थोडीच आहे, पण आजूबाजूच्या काउंट्या रिकाम्या होत असताना ही टिकली आणि ती मुख्यतः स्टॉर्म लेकमुळे, कारण निम्म्याहून जास्त वस्ती त्या एका गावात आहे (२०२० ला ११,२६९). अल्टा, न्यूएल, अल्बर्ट सिटी ही बाकीची गावं अगदी लहान. म्हणून काउंटीची सरासरी वाचताना जपून, ती स्टॉर्म लेकलाही नीट लागू पडत नाही आणि मॅरेथॉनसारख्या छोट्या गावाला तर नाहीच. वयाचा तक्ता पण बघा, त्यात कॉलेजची मुलंही मोजलेली असतात कारण सेन्सस माणूस नेहमी जिथे राहतो तिथे त्याला धरतो, घरच्या पत्त्यावर नाही.

सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. मे २०२० मध्ये टायसनच्या तिथल्या प्लांटवर ५०० हून जास्त कामगार कोविड पॉझिटिव्ह निघाले, आणि त्या वेळी लाइनवर खांद्याला खांदा लावून उभे होते ते बरेचसे हेच बाहेरून आलेले लोक. लेकीला म्हणावं तिथला पेपर वाच, त्याचे संपादक आर्ट कलन यांना २०१७ मध्ये अग्रलेखांसाठी पुलित्झर हा पत्रकारितेतला मोठा पुरस्कार मिळालाय, नदीच्या पाण्यात शेतातून जाणाऱ्या नायट्रेटवर आणि बड्या शेती कंपन्यांवर त्यांनी लिहिलेलं. टक्केवारीच्या तक्त्यापेक्षा त्यातून गाव जास्त कळेल.

प्रश्न : तिथे काउंटीकडे नेमकं काय काय काम असतं? कागदपत्रांसाठी कुठे जायचं?

उत्तर : निवडून आलेलं सुपरवायझर्सचं बोर्ड खर्च आणि रस्ते बघतं, शेरिफ (पोलीस प्रमुख) वेगळा निवडतात, ऑडिटरकडे मतदान, रेकॉर्डरकडे घर-जमिनीचे कागद. गाडीच्या नंबरप्लेटचं काम ट्रेझररच्या ऑफिसात होतं, आणि आयोवात बऱ्याच काउंट्यांमध्ये ड्रायव्हिंग लायसन्सही तिथेच मिळतं, तेव्हा पासपोर्ट, व्हिसाचे कागद आणि पत्त्याचा पुरावा घेऊन आधी तिथे जायचं.