आजोबांची विलीज, दिल्लीचा ‘पूर्ण सेट’ आणि मुलीची एफडी

नमस्कार.

तुमचं पत्र आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. कराडजवळच्या वस्तीवर आजोबांनी घेतलेली 1958 ची विलीज पिकअप, म्हणजे जीपच्याच कंपनीची मालवाहू गाडी, उभी आहे. फोर बाय फोर, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. इंजिन अजून चालू होतं, पण दुसरा गिअर उडतो, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) ओरडते आणि वळताना मागच्या डिफरन्शियलमधून (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गोळ्यातून) कटकट येते. दिल्लीच्या एका विक्रेत्याने क्लचपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा ‘पूर्ण सेट’ 2 लाख 80 हजारांना देऊ केलाय, निम्मे पैसे आधी. गावचा मिस्त्री म्हणतो, जुन्या महिंद्राचं डिझेल इंजिन आणि गिअरबॉक्स टाकू, दीड लाखात गाडी पळेल. साताऱ्याचा एक जण गाडी आहे तशी साडेतीन लाखांना मागतोय. तुमची 6 लाखांची एफडी आहे, पण ती दोन वर्षांनी मुलीच्या इंजिनिअरिंगला लागणार. तेव्हा एफडी मोडू की पर्सनल लोन काढू, हा तुमचा प्रश्न.

दोन्ही नको. दिल्लीला ॲडव्हान्स तर मुळीच नको. सेट महाग आहे अशी माझी तक्रार नाही. तुमच्या गाडीत आज नेमकं काय बसलेलं आहे हे तुम्हाला माहीत नाही, विक्रेत्याला तर नाहीच नाही. अशा वेळी दिलेला ॲडव्हान्स म्हणजे मटक्याचा आकडा.

‘विलीजचं विलीजला बसतं’ हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलंय. ते अर्धं खरं आहे. तीन स्पीडचा टी-90 गिअरबॉक्स आणि स्पायसर 18 ट्रान्सफर केस ही जोडी जीपलाही होती आणि पिकअपलाही. महिंद्रांनी 1940 च्या दशकाअखेरीस मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे कितीतरी वर्षं त्याच घराण्याच्या गाड्या काढल्या. त्यामुळे गिअर, सिंक्रो रिंग, बेअरिंग, ऑइल सील यातलं बरंच आपल्याकडे आजही मिळतं. तुमचं नशीब इथे चांगलं आहे. पण जीप सीजे-3बीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, 80 इंच आणि तुमच्या पिकअपचा 118. जीपचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ट्रान्सफर केसपासून ॲक्सलपर्यंत जाणारा फिरता दांडा, तुम्हाला उपयोगाचा नाही. पिकअपचे ॲक्सल जीपपेक्षा रुंद, म्हणजे आतले शाफ्ट लांब, आणि मागचा ॲक्सल एक टन माल ओढायचा म्हणून जड जातीचा. ‘पूर्ण सेट’मध्ये जीपचा मागचा ॲक्सल आला, तर तुम्ही 2 लाख 80 हजारांत अर्धी दुसरी गाडी विकत घेतलेली असेल.

बरं, जे सारखं आहे तेही सारखं नाही. स्पायसर 18 च्या पोटात एक इंटरमिजिएट शाफ्ट असतो. युद्धकाळातल्या गाड्यांत तो पाऊण इंची, नंतर 1⅛ इंची, आणि पन्नाशीच्या दशकात तो 1¼ इंची झाला. व्हर्नियर (बारीक मापाची मोजपट्टी) लावलात तर 19.05, 28.6 आणि 31.75 मिलिमीटर. शेवटच्या दोघांत जेमतेम 3 मिलिमीटरचा फरक, पण गिअर, बेअरिंग, सगळं त्याच्यामागे बदलतं. 1958 च्या गाडीत 1¼ इंची असायला हवा. पण साठ-पासष्ट वर्षांत ही पेटी किती वेळा खोलली गेली, आर्मी डिस्पोजलमधली दुसरी कधी बसली, हे सांगायला आजोबा नाहीत. कागदावरचं साल पाहून सुटे भाग मागवू नका, लोखंड मोजून मागवा.

क्राऊन-पिनियनचं, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या-छोट्या दातेरी चाकांच्या जोडीचं, तर घरच्या घरी कळतं. गाडी न्यूट्रलला, फोर-व्हील काढलेलं. एक मागचं चाक जमिनीवर ठेवून दुसरं जॅकवर उचला, टेकलेल्या चाकाला दगड लावा. प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. पाच पूर्ण आणि वर एक तृतीयांशाहून थोडं जास्त आलं तर रेशो 5.38, म्हणजे 43 आणि 8 दाती. पाचाला थोडं कमी पडलं तर 4.88, 39 आणि 8 दाती. तसंच पुढच्या ॲक्सलला करा. दोन्हीकडचा रेशो एकच हवा, नाहीतर फोर-व्हील टाकल्याबरोबर पुढची चाकं मागच्यांशी भांडतील आणि नवी ट्रान्सफर केसही खाऊन टाकतील. दिल्लीवाल्याला फोनवर रेशो विचारा. ‘साहब, ओरिजिनल है’ असं उत्तर आलं, तर त्याला रेशो ठाऊक नाही.

हे मी पुस्तकी सांगत नाही. भावाच्या जीपसाठी मी एकदा 18 हजारांची क्राऊन-पिनियनची जोडी आणली होती. दात मोजले, 43 आणि 8, खूश झालो. पिनियनच्या शेपटावरच्या स्प्लाइन (उभ्या खाचा) मात्र मोजल्या नाहीत. प्रोपेलर शाफ्टला जोडणारा जुना योक त्यावर चढेना. दुकानदार म्हणाला, विकलेला माल परत नाही. लोकांना पैसे कुठे गुंतवायचे ते सांगणाऱ्या माणसाच्या माळ्यावर ती जोडी ग्रीस फासून, वर्तमानपत्रात गुंडाळून आजही पडून आहे.

आता पैशांकडे येतो. 3 लाखांचं पर्सनल लोन 13 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत, तर हप्ता महिना सुमारे 10,100 रुपये आणि एकूण व्याज 64 हजारांच्या घरात. तुमची महिन्याची बचत 15 हजार. म्हणजे मुलीच्या प्रवेशाच्या ऐन वर्षात तुमचा हात दोन तृतीयांश बांधलेला असेल, तोही सेट पहिल्या फटक्यात बसला असं धरून. एफडीबद्दल वेगळं काय सांगू? ते पैसे तुमचे नाहीतच, मुलीचे आहेत. मुदतीआधी मोडल्याचा दंड ही त्यातली किरकोळ बाब.

अमेरिकेतून मागवण्याबद्दलही विचारलंय. तिथे या गाड्यांचे भाग नव्याने बनतात, हे खरं. पण कस्टम ड्युटी वस्तूच्या किमतीवर नव्हे तर किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागते, आणि त्यावर पुन्हा आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. बिडाचा गिअरबॉक्स विमानाने आणणं म्हणजे भाड्यावरही कर भरणं. सिंक्रो रिंग, सील, शिम असल्या पिशवीत मावणाऱ्या वस्तूंसाठी हा रस्ता ठीक. जड वस्तू आपल्याच भागात शोधा. आणि प्रोपेलर शाफ्ट शोधूच नका, तो करून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुम्ही एका सकाळी जाऊन येऊ शकता, तिथे लेथवाल्यांची वाण नाही. नळी लांबीला कापून, वेल्ड करून, बॅलन्स करून मिळते, टोकाच्या सांध्यांतले क्रॉस नवे टाकायचे. हरियाणातल्या मंडी डबवालीचे जीपवाले प्रसिद्ध आहेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरही फेरी मारा, पण खिशात व्हर्नियर आणि मापांचा कागद असेल तरच.

मिस्त्रीचा डिझेलचा पर्याय वरवर सगळ्यात स्वस्त दिसतो. माझ्या हिशेबात तो सगळ्यात महाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ती नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीला आयतं कारण मिळतं. शिवाय 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, बिगरव्यावसायिक गाड्यांना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे 20 हजार, नूतनीकरणाचे 5 हजार, मुदत 10 वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार नको. तुमची गाडी आज या दारात उभी आहे, डिझेल टाकलंत की दार बंद. साताऱ्याचा गृहस्थ साडेतीन लाख कशाचे देतोय? ते मूळ इंजिन आणि मूळ पेटी एकत्र असल्याचेच.

मात्र व्हीए क्रमांकाची घाई करू नका. त्या क्रमांकावर गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही; रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर. तुम्ही लिहिलंय की नीट झाली तर दूध संकलनाला नेऊ. मग ते जमणार नाही. आणि आरसीवर पहिल्यापासून ‘मालवाहतूक’ असं असेल तर प्रकरणच वेगळं, ते आधी वाचा.

विकल्यावर कर लागेल का, हेही याच्याशी जोडलेलं आहे. स्वतःच्या वापरातली गाडी ही आयकराच्या दृष्टीने वैयक्तिक वस्तू, तिच्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. पण 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं: 1931 ची फोर्ड, 1983 मध्ये 20 हजारांना घेतलेली, पुढे 21 लाखांना विकलेली. मालकाने ती स्वतः वापरल्याचा पुरावा नव्हता, म्हणून ती वैयक्तिक वस्तू मानली गेली नाही. तेव्हा विम्याच्या पावत्या, पेट्रोलची बिलं, गॅरेजच्या चिठ्ठ्या, सगळं एका फायलीत लावायला लागा. गोठ्यात पाचटाखाली उभी असलेली गाडी ‘वापरात’ आहे हे पटवणं अवघड जातं.

आणि एक गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात, माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. आरसी अजून आजोबांच्या नावावर आहे. तुम्हाला दोन काका आणि एक आत्या. उद्या तुम्ही 3 लाख घालून गाडी उभी केलीत आणि तिला 8 लाखांचं गिऱ्हाईक आलं, तर वाटणी 8 लाखांची होईल, तुमच्या 3 लाखांची आठवण कुणाला राहणार नाही. (माझ्याकडे येणारी निम्मी भांडणं अशीच सुरू होतात, ‘आमच्यात तसं काही नाही’ या वाक्याने.) दिवाळीला सगळे जमतील तेव्हा विषय काढा, बाकीच्यांची लेखी संमती घ्या आणि वारसाने नाव लावण्याचा फॉर्म 31 आरटीओत भरा. तोवर साताऱ्याच्या माणसालाही गाडी विकता येणार नाही, कारण विकण्याचा हक्क आज तुमच्या एकट्याचा नाही.

नाव लागलं की गिअरबॉक्स, ट्रान्सफर आणि मागचं डिफरन्शियल खोलून घ्या. खोलणं, धुणं, मोजणं, फोटो, एवढ्यासाठी जास्तीत जास्त 25 हजार बाजूला ठेवा. हे पैसे वाया जात नाहीत. विकायची ठरलीच, तर मापांसह उघडी गाडी बंद गाडीपेक्षा बरी किंमत आणते. मग बचतीतले महिना 7 हजार आरडीत टाका, दीड वर्षात मुद्दलच सव्वा लाख होतं. त्यातून आधी क्लच आणि गिअरबॉक्स, मग ट्रान्सफर, ॲक्सल शेवटी. प्रत्येक टप्प्यावर दोन पैसे उरले तरच पुढचा. सुट्या भागांवर जीएसटी 18 टक्के आहे, तेव्हा ‘बिल नको’ म्हणून कुणी सूट दिली तर मोह होईल. बिल घ्या, वर सांगितलेल्या फायलीत तेही लागणार आहे.

डिफरन्शियल खोलल्यावर क्राऊनचे दात शाबूत दिसले आणि नुसती बेअरिंग गेलेली असली, तर मला कळवा. कटकट बऱ्याचदा तेवढ्यावरच थांबते, आणि मग हा सगळा हिशेब निम्म्यावर येईल.