रेकॉर्ड प्लेअरसाठी फोनो प्रीअँप (प्लेअर आणि अँप्लिफायरच्या मध्ये लावायचं सर्किट) घरी बनवता येतो का? ऑप-अँपवर बनवू की ट्रान्झिस्टरवर? खेड्यातल्या लाइनीमुळे गुणगुण राहतेच असं म्हणतात, खरं आहे का?

लाइनीचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसलो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: खोटं आहे.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. बाबांचा रेकॉर्ड प्लेअर बारा वर्षं कपाटावर पडून होता. काकांनी तो अँप्लिफायरच्या माईकच्या जॅकला लावून पाहिला होता. आवाज मोठा आला, पण चिरका. भजनातला तबला टणटण वाजायचा, डग्गा गायब, आणि वरून घूंऽऽ. तालुक्याच्या मेकॅनिकनेही लाइनीवरच खापर फोडलं. काका म्हणाले, "खेड्यात असलं नाजूक काम चालत नाही, इकून टाका." बाबा काही बोलले नाहीत, फक्त रेकॉर्डी विकू दिल्या नाहीत.

डग्गा लाइनीने खाल्ला नव्हता. रेकॉर्ड कोरतानाच खर्ज दाबतात, म्हणजे खाचा एकमेकींत घुसत नाहीत, आणि तीव्र स्वर चढवून ठेवतात, म्हणजे ऐकताना ते उतरवले की खरखरही उतरते. हा हिशेब उलटा करायचं काम प्रीअँपचं. त्यासाठी १९५४ पासून आरआयएए नावाचा ठरलेला आलेख आहे. माईकच्या जॅकला यातलं काही येत नाही. शिवाय या आलेखात ५० हर्ट्झला सुमारे १७ डेसिबल, म्हणजे सातपट उचल असते, आणि आपली लाइनही ५० हर्ट्झचीच. म्हणून फोनोत बारीकशी गुणगुणही अंगावर येते.

मी एनई५५३२ या ऑप-अँपवर, म्हणजे अँप्लिफायरच्या तयार चिपवर, सर्किट जोडलं. मुद्दाम ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर, लाइनीचा संबंधच नको म्हणून. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं. डग्गा आला! बाबा उठून स्पीकरजवळ जाऊन बसले. पण घूं तशीच. काका म्हणाले, "पाय, म्हटलं होतं ना."

चार दिवस शोधत होतो. टोनआर्मला, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीला, बोट लावलं की गुणगुण कमी व्हायची. शेवटी प्लेअर उलटा केला, तर खाली बारीक हिरवी वायर गुंडाळून टेपने चिकटवलेली. मेकॅनिकला ती फालतू वाटली असावी. टोनआर्मच्या अर्थची वायर होती ती! डब्याचा रंग खरवडून स्क्रूखाली आवळली आणि घूं बंद. लाइन तीच, गाव तेच.

ऑप-अँपच घ्या. नवख्याने ट्रान्झिस्टरच्या नादी लागू नये. इनपुटला ४७ किलोओहमचा रेझिस्टर, १ किलोहर्ट्झला साधारण शंभरपट गेन, म्हणजे सिग्नलची वाढ. आलेख ठरवणारे कपॅसिटर पॉलिएस्टरचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे घ्या आणि मीटरवर मोजून दोन्ही चॅनेलला सारखेच लावा. साधे चकतीचे सिरॅमिक तिथे नकोत. बॅटरीवर चालतंय तोवर २३० व्होल्टच्या भानगडीत पडू नका. कुणी गावाला नावं ठेवली, तर आधी अर्थची वायर दाखवा म्हणावं.

एक राहिलंच. कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला छोटा भाग; हे सगळं मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजसाठी, ज्यातून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. जुन्या पेटीवाल्या प्लेअरला बहुतेक सिरॅमिक कार्ट्रिज असतं. ते कितीतरी जास्त व्होल्टेज देतं, त्याला हा प्रीअँप लावूच नका. तुमचं कोणतं आहे?